कर्त्याचें नांव

एखादी वस्तु चांगली उतरली म्हणजे ‘ही कोणी केली?’ असें आपण विचारतों. आणि ती बिघडली म्हणजेहि ‘ही कोणी केली?’ असेंच विचारतों. शब्द तेच, परंतु पहिल्या प्रश्नांत कौतुक असतें आणि दुसऱ्यांत जाब असतो. वस्तु एक, तिचा कर्ता एक. तेव्हां दोन्ही प्रश्नांना उत्तरहि एकच मिळावें, हें न्यायाला धरून आहे. व्यवहारांत मात्र तसें घडत नाहीं. कौतुकाच्या वेळीं एक नांव पुढें येतें आणि जाबाच्या वेळीं दुसरेंच शोधलें जातें. ही तफावत जुनी आहे. पण यंत्रांना पाहण्याची, ऐकण्याची व नोंद ठेवण्याची शक्ति आलेल्या आपल्या काळांत ती अधिक नेमकी आणि म्हणून अधिक कठोर होत चालली आहे. कर्तृत्व म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा पुन्हां एकदां विचार करणें त्यामुळें अगत्याचें झालें आहे. हा विचार सोलापूर समोर ठेवून करण्याचें कारण असें कीं, आपलें नांव देवाला वाहणारा संत, आपलें नांव फडावर गाणारा शाहीर, नांव नसलेला विणकर आणि नांवाची सरकारदरबारीं नोंद झालेली चादर हीं चारहि ह्या एका शहरांत सांपडतात.

आपल्या परंपरेंत ह्या प्रश्नाचें सूक्ष्म पृथक्करण भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत आहे. कोणतेंहि कर्म सिद्धीस जाण्यास अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं करणें म्हणजे साधनें, नानाप्रकारच्या चेष्टा आणि पांचवें दैव, अशीं पांच कारणें लागतात, असें तेथें सांगितलें आहे. आणि असें असूनहि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याच्या बुद्धीवर संस्कार झालेला नाहीं, असा निष्कर्ष काढला आहे. हा उपदेश सामान्यतः अहंकार सोडविण्यासाठीं सांगितला जातो. पण त्याची दुसरी बाजूहि तितकीच महत्त्वाची आहे. पांच कारणांपैकीं एकच निवडून स्वतःची पाठ थोपटणें हा जर बुद्धीचा दोष, तर पांचांपैकीं एकच निवडून दुसऱ्याच्या पाठींत दंडा घालणें हाहि तोच दोष होय. पहिल्या दोषाविरुद्ध आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुसऱ्याविरुद्ध फारच थोडें.

प्रथम नांव देवाला वाहणाऱ्यांकडे पाहूं. सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकांतील शिवशरण. शहराच्या मध्यावर असलेला तलाव त्यांनीं खोदविला, अशी परंपरा आहे. आणि त्यांचीं कन्नड वचनें आजहि आदरानें वाचलीं जातात. ह्या वचनांच्या शेवटीं जी मुद्रा येते तींत ‘सिद्धराम’ हें नांव नसून कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ह्या आराध्यदैवताचें नांव असतें. शरणांची ही रीतच होती. बसवेश्वरांच्या वचनांवर कूडलसंगमदेवाची मुद्रा आहे. कवीनें आपलें नांव काढून देवाचें घातलें, तरी कोणतें वचन कोणाचें हें ओळखण्याची खूण पुढें तीच मुद्रा झाली. नांव टाकून देऊनहि कर्ता हरवला नाहीं, कारण त्यानें तें समजूनउमजून टाकलें होतें. तलाव ज्यांनीं खणला त्या हातांचीं नांवें मात्र कोणी लिहून ठेवलीं नाहींत. तीं त्यांनीं कोणाला अर्पण केलीं नव्हतीं. तीं कोणी विचारलींच नव्हतीं. वरून पाहतां दोन्हीकडे अनामिकता दिसते. पण एक त्याग आहे आणि दुसरी उपेक्षा. हा भेद पुढें आपल्या उपयोगीं पडेल.

त्याच सोलापुरांत अठराव्या शतकांत जन्मलेला रामजोशी ह्याचें उदाहरण उलट आहे. घरांतली विद्या संस्कृत-पुराणांची. पण हा मनुष्य तमाशाच्या फडावर उभा राहिला व लावणीला पांडित्याचा साज चढवून गेला. शाहिरी रचनेच्या अखेरच्या चरणांत रचणाऱ्याचें नांव गुंफण्याची चाल आहे. आधुनिक वाचकाला ती आत्मप्रौढीची वाटण्याचा संभव आहे. परंतु फडाची रीत ध्यानांत घेतली कीं तिचा खरा अर्थ कळतो. फडावर सवाल टाकला जातो आणि त्याला जबाब द्यावा लागतो. ज्याचें नांव गाण्यांत आलें त्याला समोरचा पक्ष भर सभेंत अडवूं शकतो. म्हणजे शाहिराचें नांव हें जितकें कीर्तीचें चिन्ह, तितकेंच ‘ह्याचा जबाब मी देईन’ अशी हमीहि आहे. कौतुक आणि जाब हे दोन्ही एकाच नांवावर येऊन पडतात. कर्तृत्वाची याहून निर्मळ व्यवस्था मला माहीत नाहीं.

संतवाङ्मयांत हीच हमी मुद्रेच्या रूपानें आली, आणि मुद्रा आली तशी तिची नक्कलहि आली. नामदेवांच्या नांवावर चालणाऱ्या अभंगांत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा ह्याची रचना मिसळली गेली, आणि ती निवडतां निवडतां अभ्यासक थकले. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर हे एकच कीं दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ ह्या नांवानें लिहिणाऱ्या लेखकानें उपस्थित केला, आणि त्यावर मोठें रण माजलें. त्याच्याहि तीन शतकें आधीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. नाथांचें हें काम मला कर्तृत्वविचाराच्या दृष्टीनें फार मोठें वाटतें. स्वतः समर्थ कवि असून त्यांनीं दुसऱ्याच्या ग्रंथांत आपली भर घातली नाहीं. जी भर इतरांनीं घातली होती ती काढून मूळ कर्त्याचें त्याला परत केलें. दुसऱ्याच्या नांवावर आपलें लिहिणें आणि दुसऱ्याचें आपल्या नांवावर घेणें ह्या दोन्ही लबाड्यांना एकच उतारा आहे, आणि तो म्हणजे ही निवड करण्याचे कष्ट.

ही निवड करण्याचें शास्त्र विसाव्या शतकांत बरेंच पुढें गेलें. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७–८८ सालीं एकाच टोपणनांवानें पंच्याऐंशी लेख लिहिले गेले. लिहिणारे तिघे होते: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांतील बारा लेख हॅमिल्टनचे कीं मॅडिसनचे, ह्याचा निकाल दीडशें वर्षें लागला नव्हता. मोस्टेलर आणि वॉलेस ह्या दोघां संख्याशास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो लावून दाखविला, आणि कौल मॅडिसनच्या बाजूनें दिला. त्यांची पद्धति मोठी मासलेवाईक आहे. मोठे विचार, अलंकार, आवडते विषय ह्यांकडे त्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. कारण ते उसने घेतां येतात. त्यांनीं मोजलीं तीं लहानसहान अव्ययें: आपण ‘परंतु’ लिहितों कीं ‘पण’, ‘किंवा’ लिहितों कीं ‘अथवा’, अशा जातीचे शब्द, जे लिहितांना लेखकाचें लक्षहि नसतें. मनुष्य आपलें नांव लपवूं शकतो, मतें बदलूं शकतो. पण बेसावधपणें पडलेल्या संवयी त्याला लपवितां येत नाहींत. 

बिनतारी संवेदनाच्या शास्त्रानें नेमकें हेंच तत्त्व मनुष्याच्या शरीराला लावलें आहे. घरांत आंतरजालासाठीं जें बिनतारी यंत्र आपण बसवितों, त्याच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर आणि माणसांवर आपटून परततात. खोलींत कोणी चाललें, उठलें, बसलें कीं त्या लहरींत फरक पडतो. श्वासानें छाती वरखालीं होते तेवढ्यानेंहि सूक्ष्म फरक पडतो. तो फरक मोजून खोलींत मनुष्य आहे कीं नाहीं, तो पडला कीं काय, त्याचा श्वास संथ आहे कीं जलद, हें ओळखण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. आणि चालण्याच्या ढबीवरून थोड्या माणसांपैकीं कोण चालत आहे हेंहि बऱ्याच अंशीं सांगतां येतें. त्या मनुष्यानें अंगावर कांहीं बाळगलेलें नसतें आणि त्याला कोणी विचारलेलेंहि नसतें. लेखकाची अव्ययें जशीं त्याची चहाडी करतात, तशी चालणाऱ्याची ढब त्याची चहाडी करते.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ठसा म्हणजे सही नव्हे. मागोवा घेऊन मनुष्य सांपडला, म्हणजे त्याचें कर्तृत्व सिद्ध झालें असें होत नाहीं. सही मनुष्य स्वतः करतो, आणि ती करतांना परिणाम पत्करतो. ठसा त्याच्याकडून उमटतो आणि दुसरा कोणी तो वाचतो. अव्ययें मोजून मॅडिसन सांपडला, ह्यानें इतिहासाचा एक प्रश्न सुटला; पण मॅडिसन त्या लेखांना जबाबदार होता तो त्यानें अव्ययें विशिष्ट प्रमाणांत वापरलीं म्हणून नव्हे, तीं मतें त्यानें जाणून मांडलीं म्हणून. हा भेद विसरून केवळ ठशावरून कर्ता ठरविण्याची संवय लागली, कीं पांच कारणांचा विचार मागें पडतो आणि जो सांपडला तोच कर्ता, असा न्याय सुरू होतो.

बिनतारी विद्येच्या इतिहासांत स्वतःलाच ह्या न्यायाचे चटके बसले आहेत. जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि दारू उडवून दाखविली. त्या लहरी टिपणारा, लोखंड व पारा ह्यांचा एक ग्राहक त्यांनीं १८९९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलेल्या निबंधांत वर्णन केला. १९०१ च्या डिसेंबरांत मार्कोनीनें अटलांटिकपलीकडून आलेला संदेश टिपला तो पाऱ्याच्याच ग्राहकानें, आणि त्या ग्राहकाला नांव मिळालें इटालियन नौदलाचें. प्रबीर बंद्योपाध्याय ह्यांनीं १९९८ सालीं कागदपत्रांची छाननी करून त्या ग्राहकाचें मूळ बोसांच्या निबंधांत असल्याचें प्रतिपादन केलें. बोसांना पेटंटाची आवड नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहावरून घेतलेलें एक अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्यें मिळालें, पण त्यांतून धन काढण्याच्या मागें ते लागले नाहींत. मार्कोनीला १९०९ चें नोबेल पारितोषिक ब्राउन ह्यांच्यासह मिळालें. पुढें १९४३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या पेटंटांतील मुख्य हक्क, लॉज, टेस्ला व स्टोन ह्या पूर्वसूरींचें काम पाहून, रद्द ठरविले.

ह्यावरून मार्कोनी केवळ उचल्या होता असें ठरविणें अन्यायाचें होईल. समुद्रापलीकडे संदेश पाठवितां येईल ही उमेद त्यानें धरली, पैसा उभा केला, अपयशाचा धोका पत्करला. तो प्रयोग फसला असता तर हंसें त्याचेंच झालें असतें. म्हणजे जाब त्याच्यावर होता, आणि तेवढ्यापुरतें कौतुकहि त्याचें आहे. बोसांच्या बाबतींत मात्र दोन गोष्टी निराळ्या करावयास हव्यात. पेटंटाचा लोभ त्यांनीं सोडला, हा त्याग. ग्राहकावर दुसऱ्याचें नांव पडलें, हें हरण. बोस निरिच्छ होते म्हणून त्यांचें श्रेय घेतलें तर काय बिघडलें, असें म्हणणारा मनुष्य उदार माणसाच्या उदारतेचाच चोरीला आधार करतो.

आतां यंत्राच्या दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे मागाकडे वळूं. नक्षी विणणाऱ्या मागाला आपण जेकार्ड म्हणतों. जाकार हा ल्योंचा कारागीर. त्याचा माग १८०४ च्या सुमारास पुढें आला. भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. जेथें भोंक असेल तेथील आंकडा मोकळा राहून ताण्याचा धागा उचलतो, जेथें नसेल तेथें धागा खालीं राहतो. मधून धोटा जातो आणि एकेका ओळीनें नक्षी उतरते. परंतु भोकें पाडलेल्या कागदाची युक्ति बुशों ह्याची, १७२५ ची; कागदाच्या जागीं पुठ्ठे लावले ते फाल्कों ह्यानें; आणि वोकांसों ह्यानें सबंध यंत्रणा मागाच्या माथ्यावर चढविली. जाकारनें हें सारें जुळवून चालतें केलें, आणि नांव राहिलें तें जाकारचें. पुढें १८३९ मध्यें जाकारचेंच एक चित्र रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें चोवीस हजार पुठ्ठे लागले. मूळ चित्र बोनफों ह्या चित्रकाराचें, विणणारा कार्किला. इतिहासानें विणणाऱ्याचें नांव राखलें असें हें विरळा उदाहरण आहे. आणि तेंहि राहिलें कारण विणलेली वस्तु चित्र मानली गेली. तीच जर अंथरूण-पांघरूण असती तर तें राहिलें असतें काय, ह्याची शंकाच आहे.

सोलापूरची चादर हें पांघरूणच आहे. १८७७ च्या सुमारास येथें पहिली कापडगिरणी उभी राहिली. तेलंगणाच्या बाजूनें आलेलीं पद्मशाली विणकरांची घराणीं येथें स्थायिक झालीं. हातमागावरची चादर पुढें यंत्रमागावर गेली. दोन्ही बाजूंस उलटसुलट रंगांत उठणारी जेकार्ड नक्षी ही तिची ओळख. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण यंत्रमागाचा खडखडाट पूर्व भागांतून अद्याप ऐकूं येतो. ह्या एका चादरीला गीतेचीं पांच कारणें लावून पाहावीं. शेड हें अधिष्ठान. नक्षी काढणारा, तिचे चौकोन भरून पुठ्ठे छिद्रिणारा, पांजणी करणारा, कांड्या भरणारा आणि माग चालविणारा, असे कर्ते अनेक. माग, जेकार्ड, धोटा हीं करणें. त्यांचे ठोके ह्या चेष्टा. आणि हवेंतील दमटपणा, सुताचा पीळ, विजेचा लपंडाव हें दैव. चादर चांगली उतरली तर तिचें नांव होतें ‘सोलापुरी’. आणि ती बिघडली तर?

ह्याचें उत्तर नव्या कारखान्यांत यंत्रच देतें. तुटलेला धागा ओळखण्याची युक्ति कांहीं नवी नाहीं: ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक हलकी पट्टी टांगलेली असते, धागा तुटला कीं पट्टी खालीं पडते व माग थांबतो. ती पट्टी फक्त थांबवीत असे. तिला स्मरण नव्हतें. आजच्या अद्ययावत मागावर जे सेन्सर बसवितात त्यांना स्मरण आहे. माग किती वेळां थांबला, ताणा तुटला म्हणून कीं आडवा धागा चुकला म्हणून, पुन्हां सुरू करावयास किती मिनिटें लागलीं आणि त्या वेळीं पाळी कोणाची होती, ही नोंद तारेवांचून कचेरींतल्या पडद्यावर जाते. ह्या नोंदीचा उपयोग मोठा आहे, तो नाकारण्याचें कारण नाहीं. कोणता माग आजारी आहे, कोणतें सूत हिणकस आहे, हें तिच्यामुळें लवकर कळतें; माल सुधारतो, हाल वांचतात. तक्रार नोंदीविषयीं नाहीं. तिच्या एकांगीपणाविषयीं आहे.

धागा पांजणी कच्ची राहिल्यामुळें तुटला असेल, हवा कोरडी असल्यामुळें तुटला असेल, सूत घेणाऱ्यानें दोन पैसे वांचविले म्हणून तुटला असेल. नोंदींत मात्र मागाचा आंकडा येतो आणि पाळीवाल्याचें नांव येतें, कारण तेवढेंच यंत्राला दिसतें. पांच कारणांपैकीं जें सेन्सरच्या समोर उभें होतें तें एकच कारण ठरतें. आणि तोच विणकर दिवसभर चार माग सांभाळून, धागा तुटण्याआधींच त्याचा ताण कानानें ओळखून माग सांवरतो, तेव्हां जी चूक झालीच नाहीं तिची नोंद कोठेंच होत नाहीं. थांबलेला माग लिहिला जातो. थांबूं न दिलेला माग लिहिला जात नाहीं. ज्या विणकराची मजुरी नगावर ठरते त्याला ह्या भेदाची किंमत महिनाअखेरीस हातांत पडणाऱ्या रकमेंतच कळते. दोषाला नांव आणि गुणाला अनामिकता, अशी ही वहीची मांडणी आहे.

कायद्याकडे पाहिलें तर तेथेंहि हीच मांडणी आढळते. सोलापुरी चादर व टॉवेल ह्यांना १९९९ च्या कायद्याखालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. हें योग्यच झालें. भलत्याच ठिकाणीं विणून सोलापूरचें नांव लावणाऱ्याला त्यामुळें अडवितां येतें. हें नांव एका माणसाचें नसून सबंध गांवाच्या हातांचें आहे, आणि समूहाचेंहि कर्तृत्व असूं शकतें ही गोष्ट कायद्यानें मान्य केली, ही मोठी प्रगति आहे. पण गांवाच्या नांवांत माणसाचें नांव बुडून जातें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें ग्रंथकर्त्याला असा हक्क दिला आहे कीं, ग्रंथाचे सर्व हक्क विकल्यावरहि ‘हा मी लिहिला’ असें म्हणण्याचा त्याचा अधिकार राहतो. त्याच कायद्यांत वस्तूवर उठविण्याच्या नक्षीसाठीं वेगळें कलम आहे: नोंदणीस पात्र असून न नोंदलेली नक्षी तिच्या मालकानें किंवा त्याच्या संमतीनें यंत्रानें पन्नासांहून अधिक वेळां उठविली, कीं तिच्यावरील कॉपीराइट संपतो. कवितेच्या लाख प्रती निघाल्या तरी कवि कवीच राहतो. चादरीवरचा मोर एक्कावन्नाव्या चादरीला पोरका होतो. नोंदणीची वाट मोकळी आहे हें खरें. पण ती वाट कचेरींतून जाते, आणि मागावरच्या माणसाला तिकडे जाण्यास सवड नसते.

एकाच नांवाला धरून जाब मागण्याची परिणति कोठवर जाते, तेंहि सोलापूरनें पाहिलें आहे. १९३० च्या मे महिन्यांत येथें जो क्षोभ उसळला त्यांत जमाव हजारोंचा होता आणि त्यांत पोलीसहि मारले गेले. सरकारनें लष्करी कायदा पुकारला, आणि पुढें मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर चढविलें. हजारोंच्या कृतीला चार नांवें लागलीं, कारण राज्यसत्तेला जमाव फांसावर चढवितां येत नाहीं. सोलापूरकरांनीं पुढें काय केलें? ज्या चार नांवांवर जाब टाकला गेला तींच चार नांवें त्यांनीं चौकांत सन्मानानें उभीं केलीं. लोकांच्या ह्या न्यायांत खोल शहाणपण आहे. ज्यानें सर्वांच्या वतीनें शिक्षा भोगली त्याचें नांव सर्वांच्या वतीनें घेतलें गेलें पाहिजे, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येईल. आपलीं देवळें, लेणीं, पैठण्या ह्यांवर कोणाचीं नांवें आहेत? अनामिकता हाच भारतीय कारागिराचा धर्म; नांवाची हांव ही पश्चिमेची उसनवारी. ह्या आक्षेपांत अर्धें सत्य आहे. जुन्या व्यवस्थेंत विणकराचें नांव वस्तूवर नसे, पण तो अनोळखी नसे. नेसणारीला विणणारा ठाऊक असे किंवा विकणाऱ्याला तरी तो ठाऊक असे; काम बिघडलें तर त्याच्या दारीं जातां येत असे, आणि तेंच दार दसरा-दिवाळीला मानासाठींहि ठोठावलें जात असे. तेथें गुण आणि दोष दोन्ही अनाम होते, किंवा दोन्ही ओळखीचे होते. आज दोष तेवढा नांवनिशीवार झाला आणि गुण अनाम ठेवला, तर तिला जुनी परंपरा म्हणतां येणार नाहीं. सिद्धरामांचा त्याग दुसऱ्याकडून वसूल करतां येत नाहीं. वसूल केलेला त्याग म्हणजे लूट.

दुसरा आक्षेप अगदीं आजचा आहे. आतां नक्षी यंत्रच काढतें, लेखहि यंत्रच लिहितें. तेव्हां कर्त्याचा प्रश्नच निकालांत निघाला, असें कांहीं म्हणतात. माझ्या मतें तो निकालांत निघाला नाहीं, सोपा झाला. आजवर आपण कर्ता ओळखावयाचा तो हातावरून, अक्षरावरून, अव्ययांवरून. आणि हे सारे ठसे आतां यंत्राला उठवितां येतात. ठसे निरुपयोगी झाले म्हणून हमी तेवढी शिल्लक राहते. यंत्राकडून नक्षी काढवून घेणारा मनुष्य, ती सदोष निघाल्यास ‘यंत्रानें केलें’ म्हणणार असेल, तर ती उत्तम निघाल्यास ‘मी केलें’ म्हणण्याचा त्याला अधिकार नाहीं. आणि जो ‘चुकलें तर मला विचारा’ असें म्हणून खालीं सही करतो, त्यानें साधन कोणतेंहि वापरलें असो, तेवढ्यापुरता तो कर्ता आहे. लेखणी, पुठ्ठा, सेन्सर, गणकयंत्र हीं सारीं करणांतच मोडतात. जाब देण्याची शक्ति त्यांच्यांत नाहीं, म्हणून मानाचीहि जागा त्यांची नव्हे.

तेव्हां कर्तृत्वाची कसोटी अशी ठरते: ज्या नांवावर जाब, त्याच नांवावर मान, आणि जेवढा जाब तेवढाच मान. ही कसोटी पाळण्यास कांहीं अलौकिक करावें लागत नाहीं. कारखान्याच्या वहींत थांबलेल्या मागाशेजारीं न थांबलेल्या मागाचीहि नोंद होऊं शकते. यंत्राला त्याचें कांहींच ओझें नाहीं. धागा तुटल्याच्या नोंदींत सूत कोणतें, पांजणी कोणाची, त्या घटकेची हवा कशी, हेंहि त्याच सेन्सरांकडून घेतां येतें. स्वतःविषयींची नोंद विणकराला वाचून दाखविण्यास आणि तिच्यावरचा त्याचा जबाब तींतच लिहून ठेवण्यास कोणताहि खर्च येत नाहीं. रामजोशीच्या फडावर तेवढा न्याय प्रत्येक शाहिराला मिळत होता. चादरीच्या कोंपऱ्यावर गांवाच्या नांवाखालीं नक्षी काढणाऱ्याचें व विणणाऱ्याचें नांव एका लहानशा चिठ्ठीवर मावतें. हें होत नाहीं तें अवघड म्हणून नव्हे. गुणाचें नांव लिहिलें कीं त्याचें देणें लागतें, आणि दोषाचें नांव लिहिलें कीं येणें निघतें, हा हिशेब मालकाच्या वहीला फार दिवसांपासून पाठ आहे. आणि जोंवर ती वही एकटा मालकच लिहितो आणि एकटा मालकच वाचतो, तोंवर सेन्सर कितीहि सूक्ष्म झाला तरी तो तिच्याच भाषेंत बोलणार.